विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्ता : भारत सरकारची वाटचाल आणि खानदेश

यंत्राने घेतलेला निर्णय सुरक्षित असावा, त्यात भेदभाव नसावा, तो का घेतला हे समजावे आणि तो चुकला तर जाब विचारायला समोर माणूस असावा, एवढ्या अपेक्षा ज्या प्रणालीकडून पूर्ण होतात तिला विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशात हा विषय रेशन, शेती आणि अंगणवाडीच्या वाटेने घरात येतो.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. आधार ही कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे. पण यंत्राने माणसाची ओळख पटवायची आणि त्यावर हक्काची वस्तू मिळायची, हा व्यवहार तिथून रुजला. कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राने घेतला नाही तर काय, हा प्रश्नही तेव्हापासूनचा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. पुढच्या सगळ्या धोरणाचा पाया तोच आहे.

नीती आयोगाने जून २०१८ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची राष्ट्रीय रणनीती मांडली आणि २०२१ मध्ये जबाबदार कृत्रिम बुद्धिमत्तेची सात तत्त्वे दोन भागांत प्रसिद्ध केली. डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडले आणि मुख्य तरतुदींना आणखी १८ महिन्यांची मुदत मिळाली. हा विलंब मोठाच म्हणावा लागेल. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने १०,३७१.९२ कोटी रुपयांच्या इंडियाएआय मिशनला मंजुरी दिली. त्याच्या सात स्तंभांपैकी एक सुरक्षित व विश्वासार्ह वापराचा आहे. त्याच महिन्यात, चाचणी पूर्ण न झालेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलसाठी आधी सरकारी परवानगी घ्या, असा सल्ला निघाला आणि दोन आठवड्यांत ती अट काढून टाकली गेली. जानेवारी २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षिततेसाठीच्या संस्थेची घोषणा झाली.

५ नोव्हेंबर २०२५ रोजी जाहीर झालेल्या केंद्र सरकारच्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत सात सूत्रे आहेत. पहिले विश्वासाचे, दुसरे माणसाला अग्रस्थान देण्याचे. स्वतंत्र कायदा तूर्त नको, आहेत ते कायदे वापरा, अशी भूमिका त्यात आहे. यंत्रामुळे झालेल्या अपायांची राष्ट्रीय नोंद ठेवावी, ही त्यातली शिफारस मोलाची आहे.

भाषेचा मुद्दा मात्र खानदेशाला नेमका लागू पडतो. माहिती गोळा करण्याआधी द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी एकीत मिळण्याची सोय विदा संरक्षण कायद्यात आहे. २०२२ मध्ये सुरू झालेला ‘भाषिणी’ हा भाषांतर-प्रकल्पही मुख्यतः याच भाषांभोवती उभा राहिला. अनुसूचीत मराठी आहे. अहिराणी, भिली, पावरी नाहीत. २०११ च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणीसह) मातृभाषा सांगणारे १८ लाखांहून अधिक होते. ‘मनी कपाशी सुकी ऱ्हायनी’ असे शेतकरी बोलला, तर अहिराणीत ‘मनी’ म्हणजे ‘माझी’. प्रमाण मराठीवर शिकलेले यंत्र मात्र ‘मनी’चा अर्थ ‘मनात’ असा घेऊ शकते. वाक्याची सुरुवातच चुकली तर पुढचा सल्लाही चुकणार, आणि इथे तो सल्ला बोंडअळीवरच्या फवारणीचा किंवा केळीवरच्या करप्याचा असतो. यंत्र बाजारात आणण्यापूर्वी त्याची चाचणी या बोलींत व्हायलाच हवी. समावेशकतेचे तत्त्व मान्य केल्यावर ही चाचणी ऐच्छिक राहत नाही.

अंगणवाडीतून घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा ओळखण्याची पद्धत १ जुलै २०२५ पासून सक्तीची झाली. आहार मधल्यामध्ये गळू नये, हा तिचा हेतू रास्त आहे. पण धडगाव-अक्कलकुवा भागातल्या एखाद्या पाड्यावर मोबाइलला रेंज नसेल, बाळंतपणानंतर चेहरा उतरलेला असेल आणि जुळणी झाली नाही, तर आहार अडून राहण्याची भीती असते. हा पेच सोडवण्याची जबाबदारी सेविकाताईंवर येऊन पडते. नंदुरबार हा ‘आकांक्षित’, म्हणजे विकासात मागे असल्याने सरकारने विशेष लक्ष देण्यासाठी निवडलेला जिल्हा. कुपोषण ही तिथली जुनी जखम आहे. म्हणून यंत्राने नकार दिला तरी ताईंना ओळखीच्या आईला त्याच दिवशी पाकीट देऊन वहीत सही घेता आली पाहिजे आणि तो नकार तालुक्याच्या कार्यालयात नोंदला गेला पाहिजे.