गोठण-शुष्कित पदार्थांचे वेष्टन

फ्रीझ-ड्राय केलेले अन्न वा औषध सादळू नये, खवट होऊ नये आणि त्याचा रंग-वास टिकावा म्हणून ते हवाबंद करण्याची पद्धत. गोठलेल्या पदार्थातला बर्फ निर्वातात वितळण्याआधीच वाफ होऊन निघून जातो (संप्लवन). मागे राहतो तो स्पंजासारखा सच्छिद्र सांगाडा. त्यात पाणी बहुधा १ ते ३ टक्केच. तो हवेतली ओल अधाशासारखी ओढतो. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या झडीत महाबळेश्वरी स्ट्रॉबेरीची अशी चकती उघड्या ताटलीत ठेवून पाहावी: आधी मऊ पडते, मग बोटांना चिकटते. सादळलेला चिवडा परत भाजता येतो. या चकतीतल्या साखरेचा काचेसारखा सांगाडाच ढासळलेला असतो, ती पूर्ववत होत नाही. म्हणून भरण्याची खोलीही कोरडी राखावी लागते.

पाकीट सहसा तीन थरांचे: बाहेर पॉलिएस्टर, मध्ये अ‍ॅल्युमिनियम फॉइल, आत सील होणारे पॉलिथिन. पारदर्शक पिशवीत माल छान दिसतो, पण प्रकाश आत येतो आणि कालांतराने ओलही. फॉइलही घडीवर सूक्ष्म छिद्रे धरते. सीलच्या पट्टीत भुकटीचा कण अडकला तरी गळती होते. हवा काढून घेतली तर ठिसूळ तुकड्यांचा चुरा होतो, म्हणून आत नायट्रोजन भरतात. ऑक्सिजन शोषणारी लोहभुकटीची पुडी टाकताना एक गंमत लक्षात ठेवावी: लोखंड गंजायला थोडी ओल लागते. शेजारी सिलिका जेल ठेवले तर तेच ती ओल पळवते आणि पुडी निकामी होते.

लसींची रीत वेगळी. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये (स्थापना १९६६) बनणारी गोवराची लस याच प्रकारची. अशा लसीच्या कुपीवर खाचेचे रबरी बूच अर्धवट बसवलेले असते; वाफ त्या खाचेतून निघते. सुकवण संपली की यंत्रातले कप्पेच दाबले जाऊन बुचे आतल्या आत बसतात, बाहेरची हवा शिरतच नाही. वरून अ‍ॅल्युमिनियमचे टोपण. खोड बुचातही असते: वाफेने निर्जंतुक केल्यावर ते नीट सुकवले नाही, तर रबरातली ओल पुढे महिनोन्‌महिने भुकटीत झिरपत राहते. द्रावक मिसळले की कुपीतली लस नाजूक होते. गोवराची लस मग ६ तासांत वापरायची, उरलेली टाकायची.