तंबाखूचा बार आणि हृदयाची वेसण

“तंबाखूचा बार भरला की जीव कसा शांत होतो बघ,” असं माझे मामा नेहमी म्हणायचे. एकदा मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली. चुना लावून मळलेली चिमूट गालात जाण्याआधी 74 ठोके, दहा मिनिटांनी 86. मामा शांत होते, पण त्यांचं हृदय पळत होतं.

हे का होतं, हे कळायला आधी हृदयाची वेसण कळायला हवी. हृदयाला त्याच्या स्वतःच्या पेसमेकर पेशींवर, म्हणजे ठोक्यांची लय ठरवणाऱ्या पेशींवर, सोडलं तर ते मिनिटाला सुमारे 100 ठोके देतं. प्रत्यारोपित हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात, म्हणून ते निवांत बसल्यावरही त्याच वेगाने चालतं. आपली नाडी सत्तरीत राहते ती मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून निघणाऱ्या व्हेगस चेतातंतूमुळे; हीच ती वेसण. 1921 मध्ये शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाचा व्हेगस विजेने चेतवून ते मंदावलं, त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, आणि तेही मंदावलं. त्या द्रवातलं रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन.

खरं कोडं इथे सुरू होतं. तंबाखूतलं निकोटीन हा अ‍ॅसिटिलकोलिनचा बहुरूपी आहे. मग त्याने ठोके कमी व्हायला हवेत, ते वाढतात कसे?

अ‍ॅसिटिलकोलिन ओळखणारे ग्राही दोन जातींचे असतात, मस्कारिनिक आणि निकोटिनिक. हृदयाच्या पेसमेकरवर मस्कारिनिक ग्राही असतात आणि तिथे निकोटीनचं सोंग चालत नाही. निकोटिनिक ग्राही असतात चेतागुच्छांत (चेतापेशींच्या गाठींत), मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत आणि मेंदूत. अधिवृक्क ग्रंथीतून ठोके वाढवणारं अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हे आपण शाळेत शिकलो. मला भुरळ घालते ती मेंदूतली गोष्ट.

मनगटावर बोट ठेवा आणि सावकाश खोल श्वास घ्या. श्वास आत जाताना नाडी किंचित जलद होते, बाहेर पडताना संथ. हृदयाला आवरणाऱ्या व्हेगसच्या बहुतेक पेशी लंबमज्जेत न्यूक्लिअस अँबिग्युअस या भागात असतात. श्वास घेताना शेजारच्या चेतापेशी त्यांच्यावर गाबा आणि ग्लायसीन ही रसायनं सोडतात, या पेशी गप्प होतात आणि वेसण सैल पडते. उंदरांच्या मेंदूच्या पातळ कापांवरच्या प्रयोगांत दिसलं, की गाबा सोडणाऱ्या चेतापेशींच्या टोकांवर निकोटिनिक ग्राही असतात आणि निकोटीन मिळालं की तिथून गाबा जास्त सुटतो. म्हणजे निकोटीन वेसण धरणारा हातच ढिला करू शकतं. अर्थात तेच निकोटीन या व्हेगस पेशींना थेट चेतवतंसुद्धा. एकाच जागी दोन उलट्या ओढी, आणि संपूर्ण शरीरात अ‍ॅड्रेनलिनचा जोर मिळून पारडं वेगाकडे झुकतं.

चुन्याचं कामही समजून घ्या. चुन्याने मिश्रण अल्कधर्मी होतं, निकोटीनवरचा विद्युतभार जातो आणि ते गालाच्या अस्तरातून सहज रक्तात शिरतं. मामांना वाटणारी शांती ही बहुतांशी तलफ भागल्याची असते. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं, की पुन्हा अस्वस्थता आणि पुन्हा डबी. “मिश्रीने दात बळकट होतात” ही तर निव्वळ अंधश्रद्धा आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. हिरडीवर घासला की त्यातलं निकोटीन रक्तात जातंच.

मिश्री लावणाऱ्या गरोदर बाईचं निकोटीन वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोहोचतं, आणि तेव्हा त्या बाळाच्या लंबमज्जेतली ही सगळी जोडणी अजून घडत असते. गर्भात असताना निकोटीन दिलेल्या उंदरांच्या नवजात पिलांना प्राणवायू कमी पडला, की त्यांचे ठोके इतर पिलांपेक्षा जास्त झपाट्याने घसरतात.