ऑडिओ रेकॉर्डिंग आणि कन्व्हर्जन

आवाजाची फाईल एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणं म्हणजे कन्व्हर्जन, आणि टेपचा किंवा माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणं म्हणजे रेकॉर्डिंग. कामं दोन वेगळी, पण बोलताना सगळेच 'कन्व्हर्ट करून दे' म्हणतात. नाशकात पंचवटीतल्या जुन्या घरांमधून आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेट निघतात तेव्हा दोन्ही करावी लागतात.

सॉफ्टवेअर बहुतेक वेळा ऑडॅसिटीच, फुकट आहे, विंडोज-मॅक-लिनक्स सगळीकडे चालतं, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालं आणि २००० साली लोकांच्या हातात आलं. टेपच्या हेडफोनच्या भोकातून ३.५ एमएमची वायर कॉम्प्युटरच्या निळ्या लाइन-इनमध्ये, म्हणजे बाहेरच्या यंत्राचा आवाज आत घ्यायच्या भोकात, घालायची, गुलाबी भोक माइकचं, त्यात घातली की आवाज फाटतो. लॅपटॉपला लाइन-इन सहसा नसतंच, मग यूएसबी साउंड कार्ड घ्यायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं बसावंच लागतं, त्यात मध्येच उठून साइड पालटायची. रेकॉर्डिंगचा आवाज दाखवणाऱ्या मीटरचं उंच टोक उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवलेलं बरं, कारण ० ला धडकून कापला गेलेला आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही.

खरखर काढायला नुसत्या खरखरीचे दोन सेकंद सिलेक्ट करून प्रोफाइल, म्हणजे खरखरीचा नमुना, घ्यायचं, मग सगळ्या ट्रॅकवर नॉइज रिडक्शन मारायचं. हात आखडता ठेवा, नाहीतर बुवा हंड्यात तोंड घालून गातायत असं वाटतं. आमच्या एका टेपवर अभंगाच्या मधोमध कुकरची शिट्टी आणि आजीचं "गॅस बंद कर गं" आहे, ते मात्र तसंच ठेवलंय.

आता कन्व्हर्जन. वेव्ह फाईल सीडीच्या दर्जाची, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, स्टिरिओ, असेल तर मिनिटाला साधारण १० एमबी खाते. तेच १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपीथ्रीत १ एमबीच्या आत बसतं, कारण कानाला फारसं कळणार नाही असा भाग एमपीथ्री टाकून देतं. टाकलेलं परत येत नाही, एमपीथ्रीची वेव्ह केली तर फाईल फुगते, आवाज तोच. 'क्वालिटी वाढवून द्या' म्हणणाऱ्याला हे कितीदा सांगायचं! फ्लॅक नावाचं फॉरमॅट काही टाकत नाही, तरी जागा वेव्हच्या जवळपास निम्मी घेतं, म्हणून मूळ प्रत त्यात ठेवायची आणि काकांच्या पेनड्राइव्हला एमपीथ्री द्यायची, त्यांच्या गाडीतल्या टेपला दुसरं काही वाजत नाही.