पुन्हा शिकायचं, पण खर्च कुणाचा? सोलापूरच्या कामगाराची पार्श्वभूमी

हातातलं काम गेलं तर माणसानं सावरायचं कसं, हा प्रश्न सोलापूरला जुनाच आहे. १२व्या शतकात शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतल्या शिवभक्त संतांनी, ‘कायक’ सांगितलं: कष्ट हीच पूजा, कुठलंही काम हलकं नाही. काम बदललं तरी माणसाची किंमत कमी होत नाही, हा धीर त्यात आहे. पण कायकाला ‘दासोह’ जोडलेला होता, म्हणजे कमाईतला वाटा समाजाला. आजच्या करिअरच्या व्याख्यानांत गीतेतला फलाशेचा श्लोक येतो, ‘आपल्या हातात आहे तेवढंच बघा’ हा ग्रीक-रोमन विचारही येतो. दासोहासारखं काही मात्र येत नाही. सावरण्याचा सगळा भार एकट्या माणसावर पडतो.

साठच्या दशकात ‘जुनी मिल’ नावाची सोलापूरची कापड गिरणी बंद पडली आणि पुढे एकेक करत उरलेल्या गिरण्याही गेल्या. बरेच हात यंत्रमागाकडे वळले. चादरीची नक्षी जॅकार्डवर, म्हणजे मागाला जोडलेल्या नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, उतरते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेमुळे. एक भोक चुकलं की तीच चूक चादरीत दर वेळी उमटते. ती पकडणारी नजर जाणत्या कामगाराशेजारी उभं राहून तयार व्हायची. तिचा दाखला कुणी दिला नाही. नक्षी संगणकावर गेली, तेव्हा हे ज्ञान कागदावर कुठेच नव्हतं.

सरकारी पातळीवर १९७८ मध्ये प्रौढ शिक्षणाचा देशव्यापी कार्यक्रम आला, १९८९ मध्ये राज्यात मुक्त विद्यापीठ. काम करत शिकलेल्याला प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत आली ती २०१५ नंतर.

खरा वाद आहे तो २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतल्या पुनर्कौशल्य निधीचा. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कामगार कपातीत गेला, तर मालकानं त्याच्या शेवटच्या पगारानुसार १५ दिवसांची रक्कम निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. कपातीची भरपाई वेगळी. ती जुन्या कायद्याप्रमाणेच नोकरीच्या दर वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी. निधीची रक्कम मात्र एकदाच. दोन वर्षं काढलेल्याला १५ दिवस आणि पंचवीस वर्षं काढलेल्यालाही १५ दिवस. वास्तविक नवं शिकायला जास्त वेळ लागतो तो पंचवीस वर्षंवाल्यालाच.

निधीचं नाव पुनर्कौशल्याचं, पण कोणतं प्रशिक्षण, कुठे, कुणी द्यायचं हे त्या कलमाच्या मजकुरात नाही. बाजूनं बोलणारे म्हणतात, पैसा थेट खात्यात गेला की मधले हात टळतात, आणि काय शिकायचं ते कामगारालाच चांगलं कळतं. यात तथ्य आहे. पण रोज ५०० रुपये मजुरी धरली, तर हातात येतात ७,५०० रुपये. घरभाडं आणि किराणा भागवला की शिकायला काय उरणार? माझ्या मते ही वाढीव भरपाईच झाली. तिला शिक्षणाची तरतूद म्हणणं बरोबर नाही.

शिवाय ही रक्कम मागायची तर आधी आपण कामावर होतो हे सिद्ध करावं लागतं. विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी घेणाऱ्या आणि हजेरीपटावर नाव नसलेल्या माग कामगाराची अडचण इथूनच सुरू होते.