जुहूवर उतरलेले पस मॉथ आणि सिम्युलेटरमधील त्याची नवी घडण

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याचा अनुभव देणाऱ्या प्रणालीत, एखादे जुने हलके विमान नव्याने घडवायचे झाले, तर मुंबईकराने डी हॅविलंड पस मॉथचा विचार सर्वांत आधी करावा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन, वाटेत अहमदाबादला इंधन भरून, याच जातीचे विमान जुहूला उतरवले आणि तेथून त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे टपाल मद्रासला नेले. या प्रवासात वैमानिकाला रेडिओची साथ नव्हती. अहमदाबादला तर इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते.

पस मॉथचा पहिला नमुना 1929 मध्ये उडाला. आधीच्या मॉथ विमानांत वैमानिक उघड्यावर बसत असे. येथे मात्र बंद केबिन होती, आणि पंख वर असल्याने खालची जमीन मोकळी दिसे. सुमारे 120 अश्वशक्तीचे जिप्सी इंजिन उलटे, म्हणजे सिलिंडर खाली करून बसवल्यामुळे नाकाचा वरचा भाग उतरता ठेवता आला आणि समोरची नजरही सुधारली. विमानाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, त्यावर कापडाचे आवरण आणि पंख लाकडी, घडी होणारे. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेला खाली वळणाऱ्या पट्ट्या) नव्हते, उतरताना वेग कमी करण्यासाठी चाकांच्या दांड्यांवरील आवरणे आडवी फिरवून हवेला अडवले जाई. माझ्या मते ही एक सोय वगळली, तरी ते पस मॉथ राहत नाही, कारण त्याचे उतरणेच बदलते. खवळलेल्या हवेत पंख निखळून या जातीची काही विमाने कोसळली आणि पुढे पंखांच्या आधारदांड्यांना जोड देण्यात आली, ही बाबही घडवणाऱ्याने नजरेआड करू नये.

संगणकावरील उड्डाणाची वाट ब्रूस आर्टविक यांनी ॲपल 2 या घरगुती संगणकासाठी केलेल्या रेषाचित्रांच्या सिम्युलेटरपासून सुरू होते. त्यांच्याच कामावर आधारलेला मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर 1982 मध्ये आला. त्याच वर्षी 78 वर्षांच्या जेआरडींनी लेपर्ड मॉथ या पस मॉथच्या वारसदार विमानातून कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केले. सिम्युलेटरांत पुढे दोन रीती रुजल्या. एकीत विमानाचे वर्तन आकड्यांच्या तक्त्यांतून ठरते. दुसरीत, उदाहरणार्थ एक्स-प्लेनमध्ये, पंखाचे छोटे भाग पाडून प्रत्येकावरील हवेचा जोर त्याच्या आकारावरून मोजला जातो. जुन्या विमानाच्या वायुगतिकीचे, म्हणजे हवेतील वर्तनाचे, पूर्ण आकडे क्वचितच हाती लागतात. म्हणून मोजमापांवरून बांधणारी दुसरी रीत हौशी कारागिराला अधिक सोयीची पडते. मुक्त स्रोताच्या फ्लाइटगिअरमध्ये दोन्ही प्रकारांना वाव आहे आणि विमानाची माहिती साध्या मजकूर-फायलींत असल्याने ती कोणालाही तपासता आणि सुधारता येते.

त्रिमितीय आकार, कापडावरचे ताण आणि मीटरांच्या तबकड्या जुन्या छायाचित्रांवरून साधता येतात. खरी कसोटी भूदृश्याची आहे. आजच्या जुहूच्या डांबरी धावपट्ट्या आणि भोवतीच्या इमारती 1932 च्या उड्डाणाला शोभत नाहीत. तेव्हाचे मैदान समुद्राकाठचे, सखल आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे होते. त्या महिन्यांत टाटांची टपालसेवा पुण्याहून चालवावी लागे. म्हणून हे उड्डाण सिम्युलेटरमध्ये करायचे, तर जुहूला ऑक्टोबरमधील वाळलेली जमीन हवी, आणि जुलै निवडणाऱ्याला विमान पुण्याला उतरवावे लागावे.