पार्श्वभूमी : गाणं बसून ऐकायचं की उभं राहून?

नाशिकमध्ये गाण्याच्या कार्यक्रमांत हल्ली एक वाद हमखास होतो. सुरुवातीला अभंग होतात, नाट्यगीतं होतात, सगळे शांत बसलेले असतात. मग गायक ठेक्याचं एखादं सिनेमातलं गाणं घेतो आणि पुढच्या रांगेतली पाच-सहा मुलं उठून नाचू लागतात. लगेच मागून आरोळी येते, "ओ, खाली बसा!" उठलेल्यांना वाटतं, या मंडळींना गाण्याचा आनंद घेता येत नाही. बसलेल्यांना वाटतं, या पोरांवर संस्कारच नाहीत. आणि दोघंही परंपरेचं नाव घेतात. म्हणून ती परंपरा नीट पाहायला हवी. आपल्याकडे गाणं ऐकण्याची एकच रीत कधी नव्हती, आणि जी रीत होती ती माणसाच्या संस्कारांवरून नाही, गाण्याचा प्रकार आणि जागा यांवरून ठरत होती.

कीर्तनापासून सुरुवात करू, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांनी गाणं पहिल्यांदा तिथेच ऐकलं. कीर्तनात गाणारा उभा असतो आणि ऐकणारे बसलेले. नारदीय कीर्तनकार पूर्वरंग (निरूपण) आणि उत्तररंग (आख्यान) असे दोन-दोन तास उभ्यानं रंगवतात. वारकरी कीर्तनात कीर्तनकाराच्या मागे टाळकरी उभे, विणेकरी उभा, मृदंग बाजूला. समोर सतरंजीवर गाव बसलेलं. पण गजर चढला की टाळकऱ्यांची पावली सुरू होते, श्रोत्यांच्या टाळ्या पडतात, आणि शेवटी आरतीला सगळा मंडप उठून उभा राहतो. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला दिंड्या येतात, तेव्हा तर गाणं चालता चालताच होतं. म्हणजे उभं राहणं, नाचणं हे बाहेरून आलं असं म्हणायला आधार नाही. फरक इतकाच की कधी बसायचं आणि कधी उठायचं हे मंडपातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आरतीला उठणाऱ्याला मागून कुणी "खाली बसा" म्हणत नाही, कारण मागचाही उठलेला असतो.

याच शहरात एक प्रश्न त्याहून मूलभूत होता : मंडपात बसायला मिळतं तरी कुणाला? 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. देवळाचं दार ज्यांना बंद होतं, त्यांना तिथलं भजन-कीर्तनही बंद होतं. बसण्याच्या शिष्टाचाराबद्दल बोलताना ही गोष्ट वगळली तर इतिहास अर्धाच सांगितल्यासारखा होईल. ज्यांना मंडप मिळाला नाही त्यांनी आपलं गाणं चौकात आणि मैदानात उभं केलं. आंबेडकरी जलसे, पुढे भीमगीतांचे कार्यक्रम ही नाशिक जिल्ह्याची मोठी परंपरा आहे. लोकशाहीर वामनदादा कर्डक (1922–2004) सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. अशा कार्यक्रमांत राखीव रांगा नसायच्या. पुढे येईल तो बसेल, मागचा उभा राहील, गाणं अंगात आलं तर उठेल. हीही ऐकण्याची एक पूर्ण आणि प्रतिष्ठित रीत आहे.

गाणाऱ्यांनी बसावं की उभं राहावं, हेही ठरलेलं नव्हतं. लावणीत बैठकीची लावणी आणि फडाची लावणी असे दोन प्रकार आहेत. पहिलीत बसून, चेहरा आणि हातांच्या अदाकारीवर गाणं खुलवायचं. दुसरीत उभ्यानं नाचत, मोठ्या जमावापुढे. उत्तरेकडच्या गाणाऱ्या बायकांच्या जुन्या चित्रांत नि छायाचित्रांत गायिका उभी दिसते, आणि सारंगी-तबला कमरेला बांधून साथीदारही तिच्या मागे उभे. ख्यालाची, म्हणजे रागदारी गाण्याची, मैफल मात्र बसूनच जमत गेली. त्याची कारणं साधी आहेत. एक राग तासभर चालतो, तानपुरा मांडीशी असतो, आणि ध्वनिक्षेपक येण्याआधी आवाज पोचेल एवढ्याच अंतरात श्रोते असायचे. दिवाणखान्यात गादी, लोड-तक्के, समोर पन्नास-शंभर माणसं. एवढ्या जवळ बसल्यावर चुळबुळ केली तरी गवयाला ऐकू जाते. त्यातून बैठकीचे नियम आले : चपला बाहेर काढायच्या, गवयाकडे पाय पसरायचे नाहीत, राग चालू असताना उठायचं नाही, जायचंच असेल तर दोन चिजांच्या मध्ये जायचं. दाद मात्र मुक्त होती. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, "वा!" निघते, हात उचलला जातो, मान डोलते. इथली दाद गाण्याच्या मध्येच आणि बसूनच दिली जायची. शेवटी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवण्याची पद्धत पुष्कळ नंतरची.

नाशिकचा या इतिहासाशी सर्वांत जवळचा संबंध पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांमुळे येतो. मिरजेत एका समारंभाचं आमंत्रण त्यांना आलं, पण त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना आलं नाही. गवयाला कशाला बोलवायचं, असा सूर होता, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. समाजात गवयाची जागा कुठे, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. दरबार सोडून तिकीट लावून जाहीर गाणं करण्याचा मार्ग त्यांनी घेतला आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. जाहीर गाण्यामुळे श्रोता बदलला. आता तो यजमानाचा पाहुणा नव्हता, पैसे देऊन आलेला नागरिक होता, आणि त्याच्या शेजारी अनोळखी माणूस बसलेला होता. अनोळखी माणसांना एकत्र ऐकायचं तर शिस्त लागते : वेळेवर येणं, जागेवर बसणं, गप्प राहणं. आज आपण जिला "शास्त्रीय कार्यक्रमाची शिस्त" म्हणतो ती या काळात घडत गेली. ती फार प्राचीन नाही, पण विचारपूर्वक आणलेली आहे. म्हणूनच मला तिचा आदर वाटतो.

पुढे मुंबईचं विद्यालय कर्जात बुडालं आणि 1920च्या दशकात पलुस्करांनी नाशिकला रामनाम आधार आश्रम चालवला. आयुष्याच्या या टप्प्यावर त्यांचं गाणं रामनामाकडे वळलं. 'रघुपती राघव राजाराम' ही धून त्यांच्याच नावाशी जोडली जाते. जाहीर मैफलीची घडी बसवणारा माणूस इथे लोकांना सोबत घेऊन गाऊ लागला होता. एकाच कलावंताच्या आयुष्यात दोन्ही रीती सुखानं नांदल्या.

त्यांच्यामुळेच आणखी एका उभं राहण्याची आठवण ठेवायला हवी. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते 'वंदे मातरम्' गात. 1923च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी हरकत घेतली, तरी पलुस्करांनी गीत पूर्ण केलं. राष्ट्रीय गीतांसाठी उभं राहण्याची सवय आपल्या सभागृहांत स्वातंत्र्यलढ्यातून आणि पुढे राष्ट्रीय संकेतांतून रुजली. शेवटच्या भैरवीपर्यंत मांडी न मोडणारे श्रोतेही 'वंदे मातरम्' सुरू झालं की एका क्षणात उभे राहतात.

खुर्ची मात्र नाटकानं आणली. 31 ऑक्टोबर 1880 रोजी किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चा पहिला प्रयोग झाला आणि पुढची 50 वर्षं मराठी माणसानं गाणं प्रामुख्यानं नाटकातच ऐकलं. नाशिकचं विजयानंद नाट्यगृह त्याच काळातलं. 21 डिसेंबर 1909च्या रात्री तिथे 'संगीत शारदा'चा प्रयोग होता आणि त्याच ठिकाणी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. तो प्रयोग जॅक्सनच्या निरोपाप्रीत्यर्थ होता. नाटकानं दरानुसार रांगा लावल्या : पुढे महागडी खुर्ची, मागे पिट, म्हणजे स्वस्तातली जागा. बैठकीत पुढे कोण बसणार हे मानावर ठरायचं, नाटकात ते पैशावर ठरू लागलं. पण नाटकाचा प्रेक्षक मुळीच गप्प नव्हता. आवडत्या पदाला "वन्स मोअर" पडायचा आणि नटाला तेच पद पुन्हा गावं लागायचं. सगळं बसूनच, पण दणक्यात.

परदेशातही गोष्ट याहून फार वेगळी नाही. पॅरिसच्या नाट्यगृहांत रंगमंचासमोरच्या भागात लोक उभे असत. कॉमेदी-फ्रान्सेजच्या नव्या इमारतीत 1782 साली तिथे बाकं आली. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत म्हणजे अंधारात गप्प बसणं, हे रूप 19व्या शतकात पक्कं झालं. उलट लंडनमध्ये 1895 साली सुरू झालेल्या प्रॉम्स महोत्सवात स्वस्त तिकिटावर उभं राहून ऐकण्याची सोय मुद्दाम ठेवली आणि ती आजही आहे. बेटोव्हेनचं संगीतसुद्धा लोक तिथे उभ्यानं ऐकतात, अगदी निःशब्द. उभं राहिलं की गोंधळ होतोच, हे गृहीत त्यामुळे टिकत नाही.

मोठा बदल विजेनं केला. ध्वनिवर्धकामुळे गाणं हजारोंपर्यंत पोचू लागलं आणि शांततेची गरज कमी झाली. ढोल-बासचा आवाज छातीत जाणवू लागला, तेव्हा शरीर हलणं साहजिक होतं. रॉकच्या कार्यक्रमांनी पुढची जागा खुर्च्यांविना मोकळी सोडली. त्यातला धोका 3 डिसेंबर 1979 रोजी दिसला. अमेरिकेतल्या सिनसिनाटीत 'द हू' या बँडच्या कार्यक्रमाला बहुतेक जागा राखीव नव्हत्या. पुढची जागा गाठण्यासाठी दारापाशी रेटारेटी झाली आणि 11 जणांचा जीव गेला. त्या शहरानं अशा बिनराखीव कार्यक्रमांवर घातलेली बंदी 2004 सालापर्यंत राहिली. आपल्याकडे 25 नोव्हेंबर 2023 रोजी कोचीच्या विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमाआधीच्या चेंगराचेंगरीत 4 जणांचा जीव गेला. गर्दी म्हणजे काय, हे नाशिकला वेगळं सांगायला नको. 27 ऑगस्ट 2003 रोजी सिंहस्थात सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरीत 30हून अधिक भाविकांचा जीव गेला. ब्रिटनमधल्या क्रीडांगण सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत उभ्या प्रेक्षकांसाठी 10 चौरस मीटरला 47 माणसं ही कमाल मर्यादा धरली आहे. उभ्या कार्यक्रमाचं तिकीट विकणाऱ्यानं हा आकडा डोळ्यांपुढे ठेवायला हवा.

नाशिकच्या आजच्या वादाचं मूळ मला इथे दिसतं : गाण्याचे सगळे प्रकार एकाच मांडवाखाली आले, पण प्रत्येकाची रीत वेगळीच राहिली. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 नंतर उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद केले, उघड्यावरच्या रात्रभराच्या मैफली संपल्या आणि पहाटेच्या कार्यक्रमांना बळ मिळालं. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला लोक भल्या पहाटे रस्त्यावरच्या सतरंजीवर येऊन बसतात. ती रीत बैठकीची आहे. पुण्यात 1953 साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवानंही भारतीय बैठक आणि खुर्च्या शेजारी-शेजारी ठेवून तीच जपली. कालिदास कलामंदिरात खुर्च्या जमिनीला पक्क्या आहेत. सुला वाइनयार्ड्सचा संगीत महोत्सव 2008 साली सुरू झाला, तिथे उतारावर हिरवळीच्या पायऱ्या आहेत : नाचणारे खाली मंचापाशी, बसणारे वर, आणि दोघांनाही मंच दिसतो. गोदाघाटाच्या पायऱ्यांवरही हेच घडतं. जमिनीला उतार असला की भांडणाला कारणच उरत नाही.

सपाट मैदानावर मात्र हिशेब बदलतो. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 1.2 मीटरवर असतात, उभ्या माणसाचं डोकं दीड मीटरच्या वर. पुढच्या रांगेतला एक उठला की त्याच्या मागच्या सगळ्या रांगांतल्या कुणाकुणाचा मंच झाकला जातो. मग दुसरी रांग उठते, मग तिसरी. शेवटी जे उठू शकत नाहीत तेच उरतात : गुडघे दुखणाऱ्या आजी, चाकाच्या खुर्चीतला मुलगा, मांडीवर बाळ घेतलेली आई. त्यांनीही तेवढेच पैसे दिलेले असतात, आणि नाचण्याशी त्यांचं काही वाकडं नसतं. त्यांना फक्त गायक बघायचा असतो.

म्हणून ही जबाबदारी मी श्रोत्यांवर कमी आणि आयोजकांवर जास्त टाकतो. कीर्तनात जे सगळ्यांना आपोआप ठाऊक असायचं ते आता सांगावं लागेल. कार्यक्रम बसून ऐकण्याचा आहे की उभ्यानं, हे तिकिटावर छापता येतं. नाचणाऱ्यांसाठी मंचाच्या एका कडेला किंवा सगळ्यात मागे जागा मोकळी ठेवता येते. चाकाच्या खुर्च्यांसाठी थोडा उंच चौथरा बांधता येतो. आणि शेवटची तीन-चार गाणी उठून ऐकायची असतील तर निवेदकानं तसं आधीच सांगावं, म्हणजे ज्यांना उठता येत नाही त्यांना त्याआधी पुढे आणून बसवता येईल.