गाणं तयार झालं, आता त्यावर लिहिणाऱ्यांना ते कसं पाठवायचं?

वडसा (देसाईगंज) येथील आमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे रेकॉर्डिंग करून गेलेल्या कलावंतांचे काही महिन्यांनी फोन येतात. गाणं यूट्यूबवर टाकलेलं असतं, गावात आणि सोयऱ्यांत ऐकून झालेलं असतं आणि तक्रार एकच असते: "भाऊ, एवढ्या जणांना मेल टाकले, पण कोणी ऐकूनच नाही राहिले." त्यातले काही मेल आम्ही मागवून वाचले. गाणी खरंच चांगली होती. पण गाणं कशाचं आहे, कुठल्या मुलखाचं आहे, त्यात कोण काय वाजवतंय, यातलं काहीही मेल वाचून कळत नव्हतं.

संगीतावर ब्लॉग लिहिणारा माणूस बहुतेक वेळा दुसरीकडे नोकरी करतो आणि रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी आवडीपोटी लिहितो. त्याच्याकडे गाण्यांचा रोज ढीग पडतो. त्याला आपल्याकडून दोनच गोष्टी हव्या असतात: चटकन उघडणारं गाणं आणि त्यावर लिहिता येईल असं काहीतरी खरं. दुसऱ्या बाबतीत झाडीपट्टीचा, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाचा, कलावंत मुळीच गरीब नाही. फक्त तो ते मेलमध्ये लिहीत नाही.

पाठवायचं कोणाला

दोनशे पत्त्यांवर एकच मेल ढकलू नका. दहा-पंधरा माणसं निवडा. निवडण्याचा सोपा मार्ग असा: तुमच्यासारखं संगीत करणारे दोन-तीन स्वतंत्र कलावंत आठवा, त्यांची नावं शोधा आणि त्यांच्यावर कोणी लिहिलंय ते पाहा. त्या लेखकाचे तीन-चार लेख नीट वाचा. तो फक्त इलेक्ट्रॉनिक संगीतावर लिहीत असेल, तर तुमचं खंजिरी भजन कितीही सुरेल असलं तरी ते त्याच्या कामाचं नाही. जो लोकसंगीतावर, रॅपवर, प्रादेशिक भाषांतल्या गाण्यांवर लिहितो, तो तुमचा माणूस. बहुतेक ब्लॉगवर गाणी कशी पाठवावीत याच्या सूचना असतात. त्यांनी फॉर्म भरायला सांगितला असेल तर फॉर्मच भरा. इन्स्टाग्रामवर निरोप टाकून मागे लागू नका.

जिल्हा वर्तमानपत्राच्या पुरवणीचं काम वेगळं आहे. तिथे प्रसंग, तारीख आणि छापण्याजोगा फोटो लागतो. ती बातमी आणि ब्लॉगचा मेल एकाच मजकुरात बसवू नका.

मेलमध्ये काय लिहायचं

सगळ्यात जास्त चूक इथे होते. "आदरणीय सर/मॅडम, मी एक उदयोन्मुख गायक असून मला लहानपणापासून गायनाची आवड आहे, कृपया ऐकून सहकार्य करावे" हे वाक्य कोणत्याही गायकाला लागू पडतं, म्हणून वाचणाऱ्याला त्यातून तुमच्याबद्दल काही मिळत नाही. त्याऐवजी आम्ही सुचवतो तो नमुना असा:

विषय: धान रोवणीचं गाणं, झाडीबोलीत, ढोलकी-पेटीवर. प्रकाशन २५ ऑक्टोबर

नमस्कार …ताई,
लोकगीतांवरचा तुमचा लेख वाचला. बायांची कामाची गाणी फारशी रेकॉर्ड होत नाहीत असं तुम्ही त्यात लिहिलं आहे, म्हणून हे गाणं तुम्हाला पाठवते आहे.
गडचिरोली जिल्ह्यात आमच्याकडे धान रोवताना बाया म्हणतात ती चाल मी आईकडून शिकले. चाल तीच आहे, कडवी माझी आहेत. साथीला ढोलकी, पेटी आणि सोबत रोवणीला जाणाऱ्या चार बायांचा आवाज आहे. गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांचं आहे. बायांचा आवाज ५० व्या सेकंदाला येतो.
ऐकण्यासाठी लिंक: …
फोटो, बोल आणि अर्थ: …
गाणं २५ ऑक्टोबरला सगळीकडे येईल. तोवर लिंक तुमच्यापुरतीच ठेवावी, ही विनंती.
नाव, गाव, मोबाइल नंबर

एवढंच. मोबाइलच्या पडद्यावर दोनदा बोट सरकवलं की संपलं पाहिजे. यात "अप्रतिम", "काळजाला भिडणारं" असं काही नाही, कारण ते ठरवणं ऐकणाऱ्याचं काम. पण चाल कुठून आली, शब्द कोणाचे, वाद्यं कोणती आणि कुठल्या सेकंदाला कान द्यायचा हे सगळं आहे. लेखकाला लेखाचं पहिलं वाक्य इथूनच मिळतं.

गाव लपवू नका. आपल्याकडचे अनेक जण परिचयात "नागपूर" लिहून टाकतात, कारण कुरखेडा किंवा अर्जुनी मोरगाव कोणाला ठाऊक असणार, असं त्यांना वाटतं. ठाऊक नसेल तर एका ओळीत सांगा. झाडीपट्टीचं नाटक दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रेच्या, दिवसांत सुरू होतं, रात्रभर चालतं आणि त्यात गायक-वादक मंचाजवळ बसून थेट साथ करतात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, हे लिहिलं तर बाहेरच्या वाचकाला लगेच धागा सापडतो. तुम्ही अशा नाटकांत पेटी वाजवली असेल, तर ती तुमच्या परिचयाची पहिली ओळ असायला हवी. गाणं गोंडीत असेल तर गोंडी ही मराठीची बोली नाही, द्रविड भाषाकुळातली स्वतंत्र भाषा आहे, हे आवर्जून लिहा. नाहीतर लेखात "मराठी लोकगीत" म्हणून छापून येतं आणि मग आपणच हळहळतो.

ब्लॉग इंग्रजीत असेल तर मेल साध्या इंग्रजीत लिहा किंवा कोणाकडून लिहून घ्या. मशीनने भाषांतर केलेला फुलोरा नको. बोल मात्र देवनागरीत ठेवा आणि सोबत अर्थ द्या.

लिंक, फोटो आणि बोल

गाण्याची फाइल मेलला जोडू नका. मोठ्या फाइलमुळे मेल अडकतो आणि पुष्कळ लेखक अशी फाइल उघडतच नाहीत. लिंक पाठवा. यूट्यूबवर चढवलं असेल तर "अनलिस्टेड" ठेवा, म्हणजे लिंक असलेल्यालाच ते दिसतं. "प्रायव्हेट" ठेवलं तर तुम्ही परवानगी दिलेल्या खात्यांशिवाय ते कोणालाच दिसत नाही. गूगल ड्राइव्हवरची फाइल आधी बंदच असते. तिथे "लिंक असलेला कोणीही" हा पर्याय निवडावा लागतो. नाहीतर लेखकाला परवानगी मागणारा पडदा दिसतो आणि तो पुढच्या मेलकडे वळतो. पाठवण्याआधी लिंक घरातल्या दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवर उघडून पाहा. तुमच्या फोनवर ती चालणारच, तिथे पाहून काही कळत नाही.

ऐकायला ३२० केबीपीएसची एमपीथ्री पुरते. वेव्ह, म्हणजे पूर्ण दर्जाची मोठी फाइल, कोणी मागितली तरच द्या. फोटो व्हॉट्सॲपवर आला-गेला की त्याचा दर्जा उतरतो, म्हणून तो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर ठेवा. एक आडवा, एक उभा, चेहरा दिसेल असा, त्यावर अक्षरं नसलेला. लग्नातला कापलेला फोटो देऊ नका. दिवसाच्या उजेडात अंगणात काढलेला साधा फोटो केव्हाही बरा.

आता बोलांबद्दल. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून बोल टाइप करून घेताना "युनिकोडमध्येच पाहिजे" असं स्पष्ट सांगा. कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर त्याच्या संगणकावर सुंदर दिसतो, पण ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. चांगल्या गाण्याचे बोल केवळ यापायी कोणी वाचू शकलं नाही, असं आमच्या डोळ्यांसमोर घडलं आहे.

हक्कांची बाब

लेखकाला गाणं आवडलं आणि त्याने ते आपल्या पानावर लावलं, पण आठवड्याने व्हिडिओच बंद पडला, तर पुढच्या वेळी तो तुमचा मेल उघडणार नाही. हे सहसा इंटरनेटवरून उतरवलेल्या कराओके ट्रॅकमुळे होतं. त्या ट्रॅकचं ध्वनिमुद्रण दुसऱ्याच्या मालकीचं असतं. यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि मालकाच्या इच्छेप्रमाणे व्हिडिओ अडवते किंवा त्याचं उत्पन्न मालकाकडे वळवते. ब्लॉगला पाठवायचं गाणं स्वतःच्या साथीवरच करा. पेटी आणि ढोलकी एवढ्यावरही चालेल.

शब्दांचंही पाहावं लागतं. आपल्या कायद्याप्रमाणे कवीच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या शब्दांवर त्याच्या मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं हक्क राहतो आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या भजनांवरचा हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत आहे. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. त्यांच्या भीमगीतांचा हक्क २०६४ अखेरपर्यंत. मंडळात भजन म्हणणं वेगळं आणि त्याचं रेकॉर्डिंग करून प्रकाशित करणं वेगळं. हक्कधारकांची लेखी परवानगी घ्या आणि मेलमध्ये कवीचं नाव ठळक लिहा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली भुलाबाईची गाणी किंवा पोळ्याच्या झडत्या यांचा कर्ता कोणालाच माहीत नसतो. तिथे "पारंपरिक" लिहा आणि ज्या आजीकडून ऐकलं तिच्या संमतीने तिचं नावही द्या.

कधी पाठवायचं

गाणं बाहेर आल्यावर पाठवलेल्या मेलला अर्धीच किंमत. प्रकाशनाच्या तीन-चार आठवडे आधी पाठवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडेही गाणं सुचवता येतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. ते कलावंतांच्या खात्यातूनच, प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी करावं लागतं आणि एका वेळी एकच गाणं सुचवता येतं.

आपल्याकडचा हिशेब असा बसतो. आषाढ-श्रावणात रोवणीमुळे कोणाला सवड नसते. मंडई लागली की होळीपर्यंत नाटकाच्या गाड्या आणि रात्रीची जागरणं. म्हणून पोळ्याच्या सुमारास रेकॉर्डिंग करा, सप्टेंबरच्या शेवटी मेल पाठवा आणि ऐन मंडईत गाणं आणा. तेव्हा लोक नाटकाला येतात आणि गाण्याबद्दल विचारतातही.

पैसे मागणारे

"इतके हजार द्या, लाखभर लोकांना ऐकवतो" असे निरोप गाणं टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी येऊ लागतात. देऊ नका. असं ऐकणं बहुधा मशीनचं असतं. स्पॉटिफायला ते सापडलं तर २०२४ पासून वितरक कंपनीला, म्हणजे तुमचं गाणं तिथे पोचवणाऱ्या कंपनीला, दंड लागतो आणि कंपनी तुमचं गाणंच काढून टाकू शकते. मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला तिथे रॉयल्टी मिळत नाही, हाही २०२४ पासूनचाच नियम. तो आकडा गाठण्याच्या घाईपोटी लोक फसतात.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या सबमिटहबसारख्या सेवांचं तसं नाही. तिथे थोडे पैसे भरून गाणं ब्लॉग लिहिणाऱ्यांपुढे ठेवता येतं, पण ते पैसे ऐकून उत्तर देण्याचे असतात, लेखाचे नव्हेत. आमच्या मते पहिल्या गाण्याला याची गरज नाही. आणि कोणी पैसे घेऊन स्तुतीचा लेख लिहितो म्हणाला, तर ती जाहिरात झाली. भारतातल्या जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे समाजमाध्यमांवरच्या अशा मजकुरावर तसं स्पष्ट लिहावं लागतं.

उत्तर आलं किंवा नाही आलं

आठ-दहा दिवसांनी एकदा, दोन ओळींत आठवण करा. त्यानंतर थांबा. नकार आला तर आभार माना आणि पुढच्या गाण्याला पुन्हा त्यालाच लिहा. नकार कळवण्याइतका वेळ त्याने दिला, म्हणजे त्याने गाणं ऐकलंय. लेख आला तर तो स्वतःच्या पानावर लेखकाच्या नावासह टाका. वादकाचं नाव राहून गेलं असेल तर शांतपणे दुरुस्ती सुचवा. बहुतेक जण लगेच करतात.

आमच्याकडून काय मिळतं

रेकॉर्डिंगच्या ठरलेल्या दरातच तुम्हाला वेव्ह आणि एमपीथ्री अशा दोन्ही फाइल, एमपीथ्रीमध्ये गायक, कवी, संगीतकार आणि वादकांची नावं भरलेली, तसंच ३००० बाय ३००० पिक्सेलचं मुखपृष्ठ मिळतं. आयएसआरसी हा रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक वितरक कंपनीकडून मिळतो. तो आल्यावर आम्हाला कळवा, आम्ही तुमच्या नोंदीत ठेवतो. पहिला मेल लिहायला आम्ही शेजारी बसून मदत करतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. येताना तुम्ही निवडलेल्या लेखकांची यादी, त्यांचे वाचलेले लेख, बोलांचा कागद आणि साथ करणाऱ्या सगळ्यांची नावं त्यांना जशी लिहिलेली आवडतात तशी लिहून आणा. ईमेल खात्याचा पासवर्ड आठवत नसेल तर ज्या मोबाइलमध्ये ते खातं चालू आहे तो सोबत ठेवा.